गणवेश नव्हता, पदक मात्र होतं



आपलं मुकुटबन समुद्रापासून शेकडो कोस आत. आपल्याला ठाऊक असलेलं मोठं पाणी म्हणजे पैनगंगेचं, तेही पावसाळ्यात. त्यामुळे आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, कापूस, तूर, बचत गट सोडून या बाया जहाजाच्या गोष्टी काय सांगायला लागल्या? पण हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो. तो एका पत्र्याच्या डब्यातून आमच्याकडे आला.

झालं असं. आमच्या ओळखीची एक सून आहे, रत्नागिरीकडची. नवरा इथल्या सिमेंट कारखान्यात कामाला, म्हणून ती इकडे आली. एका बैठकीला ती बिस्किटाचा जुना डबा घेऊन आली. आत फडक्यात गुंडाळलेली एक चांदणी होती. सहा टोकांची, पिवळट धातूची, मध्ये मुकुट आणि इंग्रजी अक्षरं. वर कापडी फीत, निळी, पांढरी आणि हिरवी. तिन्ही रंग कडेला एकमेकांत विरघळल्यासारखे. आमच्यातल्या एका आजीने ती हातात घेऊन जोखली आणि विचारलं, "सोन्याचं हाय का वं?" सोन्याचं नव्हतं. तांबं आणि जस्ताचं होतं.

त्या सुनेचा प्रश्न वेगळा होता. तिच्या आजेसासऱ्यांचं हे पदक. घरात सगळे सांगतात की लढाईत मिळालं. पण ते फौजेत कधीच नव्हते. मुंबईहून जहाजावर जायचे, इंजिनात कोळसा टाकायचे. "मग त्यांना लढाईचं पदक कसं? आमचे दीर तर म्हणतात, चोरबाजारातून आणलेलं असेल. सासूबाईंना त्याचा फार राग येतो. खरं काय ते मला सांगाल का?"

आम्हाला तेव्हा काही सांगता आलं नाही. मग आम्ही वाचायला लागलो. जे हाती आलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. समुद्रावरची जहाजं दोन तऱ्हांची. एक नौदलाची, तोफा असलेली. त्यावरचे लोक सैनिक, त्यांना गणवेश, हुद्दा, पेन्शन. दुसरी व्यापारी जहाजं. ती माल वाहतात, माणसं वाहतात. त्यावर काम करणारे खलाशी म्हणजे तुमच्याआमच्यासारखे साधे नागरिक. कंपनीशी एका फेरीचा करार करायचा, फेरी संपली की नोकरी संपली. पुढचं जहाज मिळेपर्यंत घरी बसायचं.

पण लढाई सुरू झाली की शत्रू हा फरक पाहत नाही. दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे १९३९ ते १९४५ या काळात, इंग्लंडचं अन्न, तेल, दारूगोळा सगळं जहाजानेच यायचं. ते तोडलं की इंग्लंड उपाशी मरणार, हे जर्मनीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या पाणबुड्या पाण्याखाली दबा धरून बसत आणि माल वाहणारी जहाजं बुडवत. त्यासाठी टॉर्पेडो सोडत. टॉर्पेडो म्हणजे पाण्याच्या आतून धावत जाऊन जहाजाचं पोट फोडणारा स्फोटक बाण.

आणि जहाजाच्या पोटात कोण असे? आपली माणसं.

लढाईच्या तोंडावर ब्रिटिश जहाजांवर सुमारे ५० हजार भारतीय खलाशी होते. दर चार जणांमागे एक आपल्याकडचा. रत्नागिरी, कुलाबा या कोकणच्या जिल्ह्यांतले, गोव्याचे, गुजरातच्या किनाऱ्याचे, बंगालात सिल्हेट-चितगावचे. कामंही वाटलेली असत. गोव्याची माणसं बहुतेक स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या सेवेत. मुंबईत धोबी तलावाजवळ गोव्याच्या एकेका गावाची 'कूड' असायची, तिथे जहाज मिळेपर्यंत मुक्काम. कोकणातले कित्येक जण वर डेकवर, कित्येक खाली इंजिनात. इंजिनातल्या माणसाला आगवाला म्हणत. बॉयलरच्या तोंडात फावड्याने कोळसा टाकायचा, राख ओढायची, पुन्हा कोळसा. आपल्याकडे कारखान्याच्या भट्टीजवळ ज्यांची माणसं उभी राहतात, त्यांना ती धग सांगायला नको. पण ही भट्टी हलणारी, आणि पाण्याच्या पातळीखाली. टॉर्पेडो लागला की पहिलं पाणी तिथे शिरायचं आणि वर यायला एक लोखंडी शिडी.

या सगळ्यांवर मुकादम असे, त्याला सारंग म्हणत. त्याच्या हाताखाली टिंडेल. सारंग आपल्या गावची, नात्यातली माणसं भरायचा. भाऊ, भाचा, शेजारी, सगळे एकाच जहाजावर. चार दिवस हे सोयीचं, कारण परक्या मुलखात बोलायला आपलं माणूस. पण जहाज बुडालं की एकाच वाडीतल्या पाच-सात घरांत एकदम रडारड. आपल्याकडे लग्नाचा ट्रक उलटल्यावर गावाचं काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे.

पगाराचंही सांगतो. गोऱ्या खलाशाला जे मिळे त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा भारतीय खलाशाला. १९३९ मध्ये लढाई सुरू होताच आपल्या खलाशांनी पगारवाढीसाठी इंग्लंडच्या बंदरांत काम बंद केलं. कित्येकांना तुरुंगात टाकलं. पण जहाजं तर चालवायलाच हवी होती, म्हणून हळूहळू पगार वाढवावा लागला. तरी बरोबरी झाली नाही.

आता एक प्रसंग. 'सिटी ऑफ बनारस' नावाचं जहाज होतं. इंग्लंडमध्ये बॉम्ब पडत होते, म्हणून ९० लहान मुलांना कॅनडाला सुरक्षित जागी पाठवायचं ठरलं. आईबापांनी काळजावर दगड ठेवून लेकरं जहाजावर चढवली. जहाजावरचे बहुसंख्य खलाशी भारतीय. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिक महासागराच्या मधोमध त्याला टॉर्पेडो लागला. थंडी, वादळ, काळोख. त्या ९० पैकी ७७ मुलं गेली. शंभराच्या आसपास भारतीय खलाशी गेले. त्यातले कित्येक बुडून नाही, तर गारठून मेले, कारण अंगावर पातळ सुती कपडे होते. एक होडी मात्र आठ दिवस तरंगत राहिली. तिच्यात सहा मुलगे होते, एक बाई होती, आणि बाकीच्यांत बहुतेक आपले खलाशी. आठव्या दिवशी विमानाला ती दिसली. इंग्लंडमध्ये या मुलांची आठवण अजून काढतात. काढायलाच हवी. खलाशांचं नाव मात्र त्या गोष्टीत शेवटी कुठेतरी येतं.

दुसरा प्रसंग आपल्या मुंबईचा. नोव्हेंबर १९४२. 'तिलावा' नावाचं जहाज मुंबईहून आफ्रिकेला निघालं. त्यात ९५८ माणसं, बरीचशी बायामुलांसह निघालेली भारतीय कुटुंबं. २३ नोव्हेंबरला अरबी समुद्रात जपानी पाणबुडीने त्याला बुडवलं. २८० जण गेले, ६७८ वाचले. वाचलेल्यांना पुन्हा मुंबईत आणलं. म्हणजे लढाई काही दूर युरोपातच नव्हती, ती आपल्या दाराशी आली होती. या बुडण्याची मुंबईत जाहीर आठवण झाली ती २०२२ साली, ८० वर्षांनी.

आणि १९४४ चा मुंबई गोदीचा स्फोट तर आपण कापूसवाल्यांनी लक्षात ठेवावा असा. 'फोर्ट स्टिकिन' या जहाजात दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी. कापूस आतून कसा धुमसतो, वरून काही दिसत नाही आणि मग एकदम पेट घेतो, हे जिनिंगवर काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. १४ एप्रिलला दुपारी आग लागली, संध्याकाळी जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.

पूर्ण लढाईत सुमारे ६,६०० भारतीय व्यापारी खलाशी मेले. १,०२२ जखमी झाले, १,२१७ शत्रूच्या कैदेत पडले. जर्मनीत ब्रेमेन शहराजवळ व्यापारी खलाशांची वेगळी छावणीच होती. हे सगळे बिनगणवेशाचे. इंग्लंडमध्ये तर असं होई की खलाशी सुट्टीवर साध्या कपड्यांत रस्त्याने चालला की लोक टोमणे मारत, तरणाताठा माणूस, लढाईवर का जात नाही? म्हणून १९४० मध्ये सरकारने त्यांच्यासाठी कोटाला लावायचा एक छोटा चांदीचा बिल्ला काढला. त्यावर दोन इंग्रजी अक्षरं, व्यापारी नौदलाची. कल्पना करा, आज सकाळी ज्याचं जहाज बुडालं त्याने दुपारी बिल्ला लावून आपण भित्रे नाही हे दाखवायचं.

आता पदकाकडे येऊ.

लढाईची पदकं मुख्यतः दोन जातींची. एक शौर्याचं. अमुक माणसाने अमुक दिवशी जीव धोक्यात घालून काही केलं म्हणून. दुसरं सेवेचं. तुम्ही इतके दिवस, या भागात, धोक्यात काम केलं म्हणून. त्या चांदणीवर शौर्याची गोष्ट शोधायची नाही. ती सेवेची आहे, हजेरीसारखी. पण कसल्या हजेरीची ते बघा.

त्या चांदणीला 'अटलांटिक स्टार' म्हणतात. निळी-पांढरी-हिरवी फीत म्हणजे समुद्राचेच रंग. मधली अक्षरं राजाची, सहाव्या जॉर्जची. राजा आणि सम्राट, म्हणजे आपलाही सम्राट, असं त्यात लिहिलेलं आहे. ही मिळण्याचा नियम कडक. आधी '१९३९-४५ स्टार' नावाची दुसरी चांदणी मिळवलेली हवी. तिच्यासाठी सहा महिने समुद्रावर सेवा, आणि त्यात निदान एक फेरी धोक्याच्या भागातून. ती झाल्यावर अटलांटिकच्या लढाईत आणखी सहा महिने. म्हणजे ज्याच्याकडे अटलांटिक स्टार आहे, तो माणूस साधारण वर्षभर तरी त्या पाण्यात होता. याशिवाय 'वॉर मेडल' नावाचं गोल पदक, तांबडी-पांढरी-निळी फीत असलेलं, २८ दिवसांच्या सेवेवर मिळे. बंगालच्या उपसागरात ज्यांनी काम केलं त्यांना 'बर्मा स्टार'. यातल्या नियमांत व्यापारी खलाशांसाठी वेगळी कलमंच होती. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हो, फौजेत नसलेल्या माणसाला हे पदक मिळत होतं, आणि हक्काने मिळत होतं.

इथे आम्हाला एक गोष्ट खटकली. अटलांटिक स्टार एकटी कधी मिळत नाही. तिच्या आधीची चांदणी आणि ते गोल पदक यांचाही हक्क असतोच. मग डब्यात एकच का? बाकीची दोन कुठे गेली?

याची कारणं बरीच असू शकतात. मुलांनी खेळात हरवली. अडचणीत मोडीत गेली. किंवा घरात कधी आलीच नाहीत. कारण व्यापारी खलाशाला ही पदकं आपोआप मिळत नसत. लढाई संपल्यावर त्याने अर्ज करून मागायची. आता विचार करा. १९४५-४८ चा काळ. अंगठा लावणारा माणूस, कोकणातल्या वाडीत. फाळणी, स्वातंत्र्य, रेशन. इंग्रज निघाला होता, त्याच्या राजाचं तोंड असलेलं पदक मागायला पदरचे पैसे मोडून मुंबईला कोण जाणार? आणि जो बुडाला, त्याच्या बायकोला तर मागायचं असतं हेच कुणी सांगितलं नसेल. सरकारी योजनेचा फॉर्म कुठे मिळतो हे न कळल्याने हक्काचं गेलेल्या बायका आमच्या कार्यक्रमात येतात तेव्हा आम्हाला हे नवल वाटत नाही.

दुसरी खटकणारी गोष्ट नावाची. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये व्यापारी खलाशांसाठी खास एक पदक काढलं होतं. काशाचं, गोल. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला खवळलेल्या समुद्रात जहाज आणि बुडणारी पाणबुडी. त्याची फीत आम्हाला फार आवडली. हिरवी, पांढरी, तांबडी. जहाजाच्या उजव्या अंगाला रात्री हिरवा दिवा असतो, डाव्या अंगाला तांबडा, आणि वर डोलकाठीवर पांढरा. तेच तीन दिवे फितीत विणले. लढाईत जहाजं दिवे मालवून काळोखात चालत, हे माहीत असलं की त्या फितीकडे बघायची नजर बदलते. त्या पदकाच्या कडेवर खलाशाचं नाव कोरलेलं असे. दुसऱ्या युद्धात मात्र व्यापारी खलाशांच्या पदकांवर नावं कोरली नाहीत. त्यामुळे त्या सुनेच्या डब्यातली चांदणी कुणाची, हे चांदणी सांगू शकत नाही. दिरांना म्हणायला जागा राहते ती इथेच. ते अगदीच चूक बोलत नव्हते. अशी पदकं बाजारात विकतही मिळतात.

भेदभावाचंही एक उदाहरण देतो, खलाशांचं नसलं तरी. पहिल्या युद्धाचं ब्रिटिश युद्धपदक सैनिकांना चांदीचं मिळालं. मजूर तुकड्यांत गेलेल्या भारतीयांना तेच पदक, तोच शिक्का, पण काशाचं.

पदकाने घर चालत नाही, हे आपल्या आशाताईंइतकं कुणाला कळणार? २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सगळ्या आशांचा गौरव केला. आपल्या गावातल्या आशाताईंना आम्ही तेव्हा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आनंद झाला, पण मानधन कधी येणार ते त्यात लिहिलं नव्हतं." तरी त्यांनी ती बातमी कापून दारामागे चिकटवली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या.

दुसऱ्या देशांतही हा मान उशिराच मिळाला. अमेरिकेने आपल्या व्यापारी खलाशांना माजी सैनिकांचा दर्जा दिला तो १९८८ मध्ये, कोर्टकचेरीनंतर. कॅनडाने १९९२ मध्ये. रशियाला बर्फाळ समुद्रातून माल पोचवणाऱ्यांसाठी ब्रिटनने 'आर्क्टिक स्टार' काढली ती २०१३ मध्ये. तोवर घ्यायला उरले किती असतील?

आपल्याकडे ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस असतो. १९१९ साली त्या दिवशी सिंधिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, भारतीय मालकीचं. त्याची ती आठवण. आणि खलाशांचा धोका काही संपलेला नाही. २६ जानेवारी २०२४ ला, आपण इथे झेंडावंदन करून जिलेबी खात होतो त्याच दिवशी संध्याकाळी, एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. त्यावर २२ भारतीय होते. जहाज सोडून न जाता त्यांनी तासन् तास आग विझवली, मग आपलं नौदल मदतीला पोचलं. कॅप्टन रावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी. आता विदर्भातलीही मुलं मर्चंट नेव्हीत जातात. ज्यांच्या घरचं कुणी जातंय त्यांनी हे ऐकून घाबरू नये, पण माहीत असावं.

आता त्या सुनेला आम्ही काय सांगितलं ते सांगतो, कारण कुणाच्या माहेरी-सासरी असं काही असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं, घासू नका. तिच्या सासूबाई दर दिवाळीला ती चांदणी चिंचेने घासायच्या, मुकुट निम्मा पुसला गेलाय. फीतही धुवू नका, जीर्ण असली तरी फेकू नका, कारण कुठलं पदक ते फितीवरून चटकन ओळखता येतं. कोरड्या सुती कापडात ठेवा. दुसरं, गोल पदक असेल तर त्याची कड उजेडात फिरवून बघा, नाव असू शकतं. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद शोधा. प्रत्येक खलाशाला नोकरीची नोंदवही असे. कुठलं जहाज, कधी चढला, कधी उतरला, काम कसं केलं, सगळं त्यात. पदकावर जे नाही ते तिच्यात असतं. लोक चांदणी जपतात आणि वही रद्दीत देतात. उलट करायला हवं.

ज्यांच्या घरचं माणूस परतच आलं नाही, त्यांच्यासाठी आणखी एक जागा आहे. मुंबईत मस्जिद बंदर भागात खलाशांचं जुनं वसतिगृह आहे, इंडियन सेलर्स होम. तिथे पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती जपलेली आहे. दुसऱ्या युद्धात समुद्रात गेलेल्या सुमारे सहा हजार व्यापारी खलाशांचं स्मारक मुंबई आणि चितगाव मिळून आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधताही येतं. फक्त नावं इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. त्यामुळे एकाच नावाचे चार-पाच प्रकार करून बघावे लागतात, आणि जहाजाचं नाव माहीत असलं तर सोपं जातं.

तिचे आजेसासरे परत आले होते. म्हणून त्यांचं नाव त्या स्मारकात नसणार, आणि पदकावर तर नाहीच. तिने आमच्यासमोरच सासूबाईंना फोन लावला, आवाज मोठा करून. सासऱ्यांच्या जहाजाचं नाव आठवतं का, असं विचारलं. त्यांना नाव आठवलं नाही. मग म्हणाल्या, "एवढंच माहीत आहे, ते घरात कधी आतल्या खोलीत झोपले नाहीत. भर पावसातही ओटीवर, दाराला लागून. आणि चपला उशाशी."

बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या आजींनी चांदणी पुन्हा फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली.

गणपतीला ती गावी जाणार आहे. माळ्यावर सासऱ्यांची एक ट्रंक आहे, तिची किल्ली हरवली आहे, आणि कुलूप तोडायला दीर तयार झाले आहेत. आत वही निघाली, तर कुठलं जहाज होतं ते पुढच्या कार्यक्रमात सांगू.